चालताना बोलता आलं पाहिजे

प्रिय अहो,

घरातल्या घरात पत्र कसलं, म्हणाल. म्हणा. तुमच्या दुकानातल्या हत्यारांच्या डब्यात ठेवतेय, म्हणजे पहिलं घड्याळ उघडायच्या आधी हे उघडाल आणि मी समोर नसेन. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा चुका काढत बसू नका.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी जे जे सांगितलं ते सगळं मी ऐकलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात, जसं काही हृदय दुसऱ्याचं होतं. दमसास वाढवायचा तर आठवड्यातून पाच दिवस चालायचं, सुरुवात दहा मिनिटांची, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवायची, निघताना आणि संपवताना सावकाश. वेग असा हवा की चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. मला हसूच आलं. म्हटलं, हा माणूस बसल्या जागी बोलत नाही, चालताना काय बोलणार! घरी आल्या आल्या मी कॅलेंडरच्या पाठीवर चौकटी आखल्या, वाकड्यातिकड्या का होईना, आणि कपाटाच्या दाराला तक्ता चिकटवला. तीस वर्षं स्टुलावर वाकून दुसऱ्यांची घड्याळं चालवलीत, आता स्वतः चाला.

एकट्याला सोडू नका, असं त्या बजावून म्हणाल्या होत्या. माझी ड्यूटी सकाळी सहाची, लाँड्रीत उशीर चालत नाही. म्हणून मीच, माझ्या या दोन पायांनी, वरच्या मजल्यावर जाऊन टायपिस्टबाईला विचारून आले. रिटायर झालीय, एकटी असते, रोज चालते, म्हणून म्हटलं, आमचे हे पण येतील का तुमच्याबरोबर. अक्कल चरायला गेली होती माझी. दुसऱ्याच आठवड्यात तिनं तो तक्ता टाईप करून आणला, सरळ रेघा, वर ठळक अक्षरात तुमचं नाव. माझा कागद निघाला, तिचा लागला. तुम्ही म्हणालात, किती छान वाचता येतो. हो का? मग पहिला आठवडा माझ्या कागदावर आंधळे होऊन चाललात का?

आणि ते तिचं मनगटावरचं नाडी मोजणारं घड्याळ. जन्मभर सेलच्या घड्याळाला खेळणं म्हणत आलात. आता जेवताना मान वर करून सांगता काय, तर बाईंची नाडी चढावर एकशे दहा जाते. तिच्या नाडीशी तुम्हाला काय करायचंय? माझी कधी बघितलीत? सुट्टीच्या दिवशी मी घरात असते तेव्हा जिन्यातून तुमचा आवाज येतो, चांगला खणखणीत, मध्येच हसणं. कडी वाजली की आवाज बंद. माझ्या वाट्याला "हं" आणि "बरं". तिच्याशी बोलायचं ते डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून, असं एकदा तुम्ही मला तोंड वर करून सांगितलंत. मी भांडं आपटलं.

आता मी न सांगितलेली गोष्ट ऐका. तो तक्ता मीही चालतेय. लाँड्रीत मशिनांपासून इस्त्रीच्या खोलीपर्यंत लांबलचक बोळ आहे, जेवणाच्या सुट्टीत तिथे येरझाऱ्या घालते. पहिल्या दिवशी चार मिनिटांत बरगडीत कळ आली आणि चादरींच्या ढिगावर बसले. आमची सुपरवायझरबाई दारात उभी राहून वेळ बघते. कुणाला धरायचंय गं पळून, म्हणाली. म्हटलं, नवऱ्याला. मग आधी स्लीपर बदल, म्हणाली. बदलल्या. पाचव्या आठवड्यात अठरा मिनिटांवर आलेय. टाईप केलेला कागद लागला नाही मला.

परवा माझी सुट्टी होती. तुम्ही दोघं निघालात आणि मी मागून निघाले. हो, पाळत ठेवली, लाज वाटत नाही. बागेच्या कुंपणाला लागून तुम्ही ताडताड चाललात, मी दहा पावलं मागे. काहीबाही ऐकू येईल, लाडीगोडीचं, असं धरून चालले होते आणि त्याला काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. तुम्ही तिला सांगत होतात की दवाखान्यात न्यावं लागलं त्याआधी तीन महिने छातीत दुखत होतं. घरी बोललो नाही, म्हणालात. सांगितलं असतं तर बायकोनं घर डोक्यावर घेतलं असतं. सांगायला हवं होतं तुम्ही, असं टायपिस्टबाई म्हणाली. तेवढं तरी बरं बोलली. मी तिथेच ओरडणार होते, पण धाप अशी लागली होती की तोंडातून आवाजच फुटेना. तुम्ही पुढे निघून गेलात, मी कुंपण धरून उभी राहिले. तीन महिने. रोज तुमच्या शेजारी झोपत होते मी. दोन दिवस झाले, बोलायला तोंड उघडलं की आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले. सोमवारपासून मी दुपारची ड्यूटी मागून घेतलीय. सकाळी मी येणार तुमच्याबरोबर. टायपिस्टबाई आली तर येऊ दे, माझी हरकत नाही. हरकत आहे, पण येऊ दे. फक्त एक करा. पुन्हा छातीत जरा जरी दुखलं तर आधी मला सांगायचं. मी ओरडणार. ते काही माझ्यानं सुटायचं नाही. ओरडत ओरडत चपला घालेन आणि तुम्हाला दवाखान्यात नेईन. पण मला सांगायचं.

तुमचीच, दुसऱ्या कुणाची नाही,
बायको