लाल झालेला चुना

आप्पा,

आज खाडीवरून एक बाई दुकानात आली. तिनं तुमचं नाव घेतलं आणि मला लगेच संशय आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत की अग्रहारात आपल्या गल्लीतसुद्धा आता कोणी तुमची आठवण काढत नाही, मग ही समुद्राकाठची बाई एवढा घाट चढून येते ती कशाला? हल्ली दुकानाच्या जागेवर डोळा ठेवून कोण ना कोण येतच असतं. परवा एकजण देवळाचा प्रसाद घेऊन आला, नि प्रसाद देता देता डोळ्यांनी भिंतीची लांबी मापत होता. म्हणून मी आधी गल्ल्याला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि मग म्हटलं, "बसा." ती बसली. माझ्याहून थोडी लहान असेल. टाचा पाण्यात राहून राहून पांढऱ्या पडलेल्या, कानडी त्यांच्या बाजूच्या हेलाची. पिशवीतून तिनं तळहाताएवढा शिंपला काढून माझ्यापुढे ठेवला नि म्हणाली, "अक्का, हा तुमच्या आप्पांच्या पट्ट्यावरचा, भरतीनं काठाला आणून टाकलेला." मी तो उचलून हुंगला. तुम्ही असंच करायचात, पोतं उघडलं की आधी नाक आत. ती हसायलाच लागली. "हौदु, हो, त्यांचीच मुलगी तुम्ही. माझे वडील सांगायचे, म्हैसूरचा चुनेवाला माल डोळ्यांनी बघत नाही."

मग कळलं ती कोण. आपल्याकडे शिंपले पाठवणारा तो खाडीवरचा माणूस, ज्याच्या पोत्यांवर निळ्या दोऱ्याची शिवण असायची, त्याची ही मुलगी. तरी मी कॉफी सांगितली नाही. कॉफी दिली की माणूस हक्कानं बोलायला लागतं, हे आईनंच शिकवलंय मला.

संशय घेणं हा आपल्या घरचा धंदाच होता, आप्पा, तुम्ही रागावू नका. आजोबांच्या काळात आपण रंगारी. परसात निळीचा रांजण पुरलेला, त्यात चुना घालायचा, झाकण ठेवायचं आणि वाट बघायची. रांजण बिघडला, रंग धरेना झाला, की आजोबा गल्लीत एक थाप सोडून द्यायचे. राजवाड्याच्या आवारात वाघ शिरला, नाहीतर अमक्या वकिलाची बायको पळून गेली. लोकांनी थाप खरी मानली की रांजण सुधारतो, अशी आपल्या लोकांची पक्की समजूत. आणि त्या थापेलाही नियम होता. ती लांबची हवी. आपल्या घराबद्दल, आपल्या मालाबद्दल थाप कधीच मारायची नाही, नाहीतर रांजण सुधारायचा आणि गिऱ्हाईक जायचं. पुढे रंगाचं काम बंद पडलं, रांजणात पावसाचं पाणी साठलं, आणि हाताशी राहिला तो चुना. तुम्ही तोच विकायला घेतलात. म्हैसूरचं पान आणि आपला शिंपल्यांचा चुना, वा! अख्ख्या गल्लीचे ओठ त्यावर लाल. पण थापेची खोड काही गेली नाही. चुना नीट विझला नाही, खडे राहिले, की तुम्ही चौकात जाऊन काहीतरी पुडी सोडून यायचात. त्यामुळे घरात कोणी काहीही सांगितलं की आम्ही पहिलं विचारायचो, आज भांड्यात काय बिघडलंय?

आईचा तर तुमच्यावर कधीच विश्वास बसला नाही. तुम्हाला ते सरगूर आठवतंय? "मावशीला बरं नाही, सरगूरला जाऊन येतो," म्हणून गेलात आणि चार दिवस पत्ता नाही. परत आलात ते चपलांत वाळू आणि धोतराला मासळीचा वास. आईनं धोतर बादलीत आपटलं. तुम्ही म्हणालात, "तिथल्या कपिला नदीच्या काठानं चालत होतो." आई म्हणाली, "कपिलेला मिठाचा वास कधीपासून यायला लागला?" तुम्ही ताट पुढे ओढलंत. त्यानंतर महिनाभर ती तुमच्याशी भिंतीकडे बघून बोलायची. जाताना सुद्धा, दवाखान्यात, तिनं माझा हात धरून विचारलं होतं, सरगूरला कोण होतं गं? मी म्हटलं, कोणी नाही. पण मलाही वाटायचं, कोणीतरी होतंच.

आता ते लाल चुन्याचं. तुमच्या त्या सरगूरनंतर थोड्याच दिवसांत खाडीवरची लॉरी आली. मी शाळेतून आले तेव्हा तुम्ही गावाबाहेरच्या आपल्या भट्टीपाशी उकिडवे बसला होतात, पुढ्यात शिंपले ओतलेले. नेहमीचे शिंपले म्हणजे जुने, मेलेले, एकेक झाकण सुटं. ह्या पोत्यातले नखाएवढे होते आणि दोन्ही झाकणं अजून एकमेकांना धरून. तुम्ही एक माझ्या तळहातावर ठेवलात. म्हणालात, "हे बघ, हे अजून वाढायचं होतं." मला वाटलं खेळायला दिलंत. मी ते फ्रॉकच्या खिशात ठेवलं आणि चौथ्या दिवशी आईनं वासावरून शोधून गटारात टाकलं. ते मात्र मला जसंच्या तसं आठवतंय, आत्तासुद्धा तो ओला वास नाकाशी येतोय. तुम्ही लॉरीवाल्याला सोडला नाहीत. रात्रीत भट्टी लावलीत, दुसऱ्या दिवशी त्याला घरी आणलंत, जेवायला बसवलंत, आग्रह करकरून वाढलंत. जेवण झाल्यावर परसात नेऊन चुन्याच्या भांड्यावरचं झाकण काढलंत. आतला चुना लालभडक. तो माणूस दोन पावलं मागे सरकला. तुम्ही हळूच म्हणालात, "तुमच्या खाडीच्या मुखाजवळच्या पट्ट्यातला माल आहे. पिल्लं भाजली, त्याचं रक्त आलं. मी आता ह्याला हात लावणार नाही." मी दाराआडून सगळं बघत होते. आणि तुमच्या उजव्या हाताची बोटं पिवळी होती, आप्पा. पहिल्या पेरापर्यंत पिवळी.

अय्यो, त्यात न कळण्यासारखं काय होतं? हळद आणि चुना. आरतीच्या ताटात लाल पाणी करतात ते कशाचं? लॉरीवाल्याच्याही घरी होत असेल. पण भरल्या पोटी, परक्या घरात, एवढ्या गंभीर माणसानं सांगितल्यावर त्याला कुठून सुचणार! संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळीकडे झालं, रंगाऱ्यांच्या चुन्यातून रक्त आलं. मला वाटलं, झालं, चुना बिघडला असणार, थाप सोडली. लहान होते तरी तुमचा राग आला. एवढी घाणेरडी थाप? त्यानंतर किती दिवस आपल्याकडचा चुना कोणी पानाला लावला नाही. आईनं बांगड्या गहाण टाकल्या आणि तुम्हाला म्हणाली, "तुमच्या जिभेला हाड नाही."

हे सगळं आज त्या बाईसमोर बसून मला आठवत होतं आणि ती तिचं सांगत होती. त्यांच्या खाडीचा आता सरकारी आराखडा होतोय. कुठं जाळं टाकायचं, काठावरची कांदळाची झाडं कोणी राखायची, शिंपल्या कुठल्या महिन्यांत काढायच्या नि कुठल्या महिन्यांत नाही, वाळू कुठली उपसायची, सगळं ठरणार. आणि वाळूवाल्यांना नेमका तोच मुखाजवळचा पट्टा हवाय. "तिथं आमचं कोणी पाय ठेवत नाही, अक्का. तुमच्याकडं रक्त आलं तेव्हापासून नाही. वडिलांनी लॉरीवाल्याचं ऐकलं आणि त्याच दिवशी टोपल्या उलट्या केल्या. तिथल्या शिंपल्या वाढल्या, त्यांचं बी भरतीबरोबर सगळ्या खाडीत पसरतं. वरच्या अंगाला आम्ही बायका ओहोटीला पायांनी चाचपून काढतो ना, ते सगळं त्या पट्ट्याचं देणं. तिथं उपसा झाला की आम्ही घरी बसलो." आराखडा करणारे विचारतात, तिथं हात का लावत नाही? ह्या सांगतात, रक्त आलं म्हणून. ते हसतात. त्यातल्या एकानं म्हटलं म्हणे, ऐकीव भुताखेताच्या गोष्टी मला लिहिता येणार नाहीत, डोळ्यांनी बघितलेला एक माणूस आणा, मग ती तुमची रीत म्हणून लिहितो आणि पट्टा उपशातून सोडतो. पुढच्या आठवड्यात शेवटची बैठक. आणि बघितलेलं माणूस आता जगात एकच उरलंय, ते मी.

मला काय वाटलं सांगू? वाटलं, हिला सगळं माहीत असणार. हळदीचंही. ही मला खोटं बोलायला न्यायला आलीय. मी तिच्या डोळ्यांत बघत विचारलं, "तुम्हाला खरंच वाटतं, रक्त आलं होतं?" तिनं शिंपल्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ते मला माहीत नाही. पण तुमचे वडील त्याच्या आधी आमच्याकडं आले होते, तेव्हा रक्ताचं काही बोलले नव्हते."

मी म्हटलं, "कुठं आले होते? आमचे आप्पा कधी घाट उतरले नाहीत."

"आले होते की. चार दिवस होते, आमच्या पडवीत झोपायचे. मी लहान होते, मला पेपरमिंट दिलं होतं. ओहोटीला वडिलांबरोबर पट्ट्यावर चालत गेले नि म्हणाले, बारकी उचलू नका, ही संपली की तुमचंही संपेल. वडील हसले. म्हणाले, पान खाणारा माणूस आता आम्हाला खाडी शिकवणार. सगळेच हसले. ते परत गेले. मग लॉरीवाला ते सांगत आला."

आप्पा, मी तिला तिथल्या तिथं कॉफी सांगितली. पेला मी स्वतः तिच्यापुढे ठेवला. उद्या सकाळी सांगते म्हटलं, तिला तिच्या ओळखीच्यांकडे जाऊ दिलं, दुकान लवकर बंद केलं. बोगादीला घरी येईस्तोवर रिक्षात डोक्यात एकच. थापेचा नियम. आपल्या मालाबद्दल कधीच नाही. आजोबांनी तुम्हाला शिकवलेला, तुम्ही मला शिकवलेला नियम. मग तुम्ही आपल्याच चुन्याला नाव का ठेवलंत? आणि गल्लीत सोडायची थाप त्या लॉरीवाल्याला पंगतीला बसवून का सांगितलीत, ज्याची लॉरी उद्या खाडीवर परत जाणार? त्या दिवशी काही बिघडलंच नव्हतं. पन्नास वर्षं मी तुम्हाला लबाड म्हणत आले ते बरोबरच होतं, पण कशासाठी लबाड, ते मला आज कळलं, तेही एका परक्या बाईकडून. मला फार रडू आलं. रिक्षावाला आरशातून बघत होता म्हणून मी खोकल्यासारखं केलं.

आईला सांगायला हवं होतं हो तुम्ही. एवढंच माझं भांडण आहे. खाडीवर गेलो होतो म्हणाला असतात तर तिनं काय केलं असतं? चिडली असती, गिऱ्हाईकानं पुरवठादाराला शहाणपण शिकवायला जावं का म्हणून बोलली असती, आणि दोन दिवसांत विसरली असती. तुम्ही सरगूरचं नाव घेतलंत आणि ती जन्मभर त्या गावच्या नसलेल्या बाईचा हेवा करत राहिली. का, तुम्हाला वाटलं, तिनं ते चौकात बोलून टाकलं तर लाल चुना फुकट जाईल? तसंच वाटलं असणार. तुमचाही कोणावर विश्वास नव्हताच. आणि खरं सांगू, मला अजूनही एक बारीक शंका आहे की चार दिवसांतला एखादा दिवस सरगूरचाही असेल. ते जाऊ दे.

मी जाणार आहे बैठकीला. रक्त आलं असं म्हणणार नाही. म्हणेन, चुना लाल झाला होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितला, आणि त्यानंतर आमच्या घरात त्या पट्ट्यातला एकही शिंपला आला नाही. यातलं एक अक्षर खोटं नाही. माझी भीती वेगळीच आहे. त्या टेबलामागे माझ्यासारखं एखादं संशयी माणूस बसलेलं असलं, आणि त्यानं सुम्ने, सहज म्हणून विचारलं, बाई, तुमच्या वडिलांची बोटं कशी होती, तर माझा चेहरा काय करेल? म्हणून आज घरी आल्यावर मी न्हाणीचं दार लावून, एका वाटीत आपला चुना घेतला आणि त्यात हळद कालवली. तुमच्याइतका लाल झाला नाही, पण झाला. मग आरशासमोर उभी राहून ते वाक्य म्हणून बघितलं. पहिल्यांदा डोळे खाली गेले. चौथ्यांदा नाही गेले.

हा कागद आता चुलीत जाईल. बोटांचे ठसे उठलेत सगळीकडे, आणि ह्यात जे आहे ते त्या आराखडेवाल्यांच्या हाती लागलं तर पट्टा गेलाच. तुमचा तर कागद न लिहिण्यावरच सगळा भर होता. एवढ्यात सूनबाई डोकावून गेली, म्हणाली, अत्ते, बोटं कशानं पिवळी झाली हो? मी मान वर न करता सांगितलं, लोणच्याची हळद. तिनं बरं म्हटलं नि गेली. यंदा मी लोणचं घातलेलंच नाही, आप्पा.