पुस्तिकेवरचा फोटो

प्रिय मम्मा,

मी बरी आहे, वेळेवर जेवतेय. तुझा गुडघा कसा आहे? चर्चच्या पायऱ्या चढताना धाकट्या ओटिसचा हात धरत जा, उगाच ताठा नको.

आमच्या रसायनशास्त्र विभागाच्या पुस्तिकेवरचा माझा फोटो तू चर्चमध्ये मिरवतेस ना? यंदाही तोच छापलाय. इथे गोऱ्यांच्या विद्यापीठात काळी प्राध्यापक मी एकटीच, म्हणून भेदभाव मिटवायच्या प्रत्येक समितीवर मीच. वर्गातलं काळं पोर रडायला लागलं की तेही माझ्याच दाराशी. मी कुठे जाऊन रडू?

काल माझी कायम नेमणूक नाकारली, म्हणजे वर्षअखेरीस इथली नोकरी संपली. विभागप्रमुख म्हणाले, "समित्यांचं काम सुंदर केलंत, पण संशोधन कमी पडलं."

"समित्यांवर मला घातलं कुणी?"

त्यांनी माझी फाइल मिटली. मग म्हणाले, "जाण्याआधी एवढं करा. तुमच्या जागी काळा उमेदवारच हवाय. निवड समितीच्या प्रमुख तुम्हीच व्हा."

मी हो म्हटलं, मम्मा. दुसरीकडे नोकरी मागताना शिफारस त्यांचीच लागणार.

चर्चमध्ये एवढ्यात काही बोलू नकोस. ओटिसला माझा मुका.

तुझीच,
लवीना

ता. क. पुस्तिका फ्रिजवरून काढू नकोस. मी गेल्यावरही ते तोच फोटो छापणार आहेत.