चुंबकावरचा हात

गुरुवार संध्याकाळ, सीब, ओमान

म्हणजे परत माझंच चुकलं! भाईजानला कितीदा सांगितलं, ड्युटीवर फोन करू नको. पण गावी त्याला नव्या रिक्षाची घाई.

लॅबमध्ये मी काळी पूड धूत होतो. लोखंडाची, पिठाहून बारीक, पाण्यातलं तेल ओढून घेणारी. बाटलीला बाहेरून चुंबक धरायचं, पूड कडेला चिकटली की पाणी ओतून टाकायचं. ओतताना खिशात फोन थरथरला आणि मी चुंबकावरचा हात काढला. एवढंच. लॅबच्या मॅडमची दोन दिवसांची मेहनत बेसिनमध्ये खलास.

गप्प बसलो असतो तर? कोणाला कळलं असतं? पण मीच जाऊन सांगितलं. वाटलं, आता परत झाडू आणि जुना पगार. मॅडमनी येऊन बेसिन बघितलं. मग म्हणाल्या, "सलीम, फोन बाहेर ठेवायचा. रविवारी परत बनवू. अमोनिया तू घाल."

मी? अमोनिया घातला की पूड बनते, ते काम मॅडमचंच. मी आजवर नुसतं धुणंच केलं.

चुंबक चुकून खिशातच आलंय, खोलीच्या किल्लीला चिकटून. भाईजानचा आत्ता परत फोन. "बाटल्या धुवून मिळतं तरी किती रे तुला?" भांडायचं त्राण नव्हतं. अमोनियाचं सांगितलंच नाही. तो शंभर रियाल मागतोय. मी दर महिन्याएवढेच पाठवतोय, चाळीस.