चेंबरमधली जाळी

सोमवार, बोरीवली. गॅरेजचा माळा.

आज उस्तादने एका जुन्या गाडीच्या इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उतरवला. आत ऑइल कसलं, नुसता काळा चिखल. ऑइल वर ओढणारी जाळी पार बुजलेली. मी म्हटलं, "गाळ धुवायला फ्लशचा डबा ओतू ना?" उस्ताद ओरडला, "येडा आहेस का रे? सुटलेला गाळ या जाळीतच अडकणार. इंजिन कोरडं फिरून जाम! जुन्या गाडीचा चेंबर उघडून हातानेच साफ करायचा."

माझे हात तिथेच थांबले. गणपतीच्या आधी मीच बाबांना फोनवर सांगितलं होतं, डबा ओता, इंजिन नव्यासारखं होईल. दोन दिवसांत आमची जीप जाम. तेव्हापासून बाबा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. आणि मी समजत होतो, गाडीच म्हातारी झालेली.

संध्याकाळी गावी फोन लावला. सांगू की नको? बाबाच आधी बोलले, "शेजारच्या तात्याच्या गाडीत पण गाळ झालो हा. तुझो तो डबो खयचो? मी सांगलंय त्याका, माझो झील मुंबयत मेस्त्री आसा."

मेस्त्री! डोळ्यांसमोर ती बुजलेली जाळीच येत होती.

"नको बाबा. आपली जीप त्या डब्यानेच गेली. माझंच चुकलं."

बाबा म्हणाले, "तात्याक नको म्हणान सांगतंय. तू जेवलंस?"

हो म्हणालो.

हात अजून धुतलेले नाहीत. काळे आहेत तसेच.