डोंगरावरच्या वहीतलं माझं नाव

बर्गन, मंगळवार

प्रिय रागनहिल्डताई,

रविवारी डोंगरमाथ्यावरच्या पेटीत चढून आलेल्यांनी नाव लिहायची जी वही असते, तीत तू स्वतःच्या नावाखाली माझंही नाव लिहिलंस. शेजारच्या बोर्गहिल्डने ते वाचलं आणि आज दारातच टोमणा मारला, "आजारी आईला एकटं टाकून भटकायला जातेस होय?"

मी रविवारी घरातच होते, तरी नाकारलं नाही. उलट सांगितलं, लाकडी घरांमागच्या बोळातून गेले, तिथं कुणी फिरकत नाही, ब्लूबेरी पिकल्यात.

आईने आतून ऐकलं. "मला न सांगता गेलीस?" म्हणाली आणि माझा उजवा हात धरला. अजून सोडलेला नाही, म्हणून अक्षर असं.

टपालपेटी एकशे चार पायऱ्या खाली आहे; हात सुटला की हे पत्र टाकायला जाईन, माझं फिरणं तेवढंच. तू मात्र पुढच्या रविवारीही माझं नाव लिही.

तुझी, डाव्या हाताची,
एल्ब्योर्ग