मागीलदारचा मोगरा

पूर्णगड, ११ मे २००३

सुरय्या, सलाम.

तक्रार गंभीर आहे. बावन्नाव्या वर्षी मला मागीलदारी धोंड्यावर बसून, लुंगी सावरत आंघोळ करावी लागते. घरात टाइल्सची न्हाणी असताना! शेजारची गुणवंती कुंपणापलीकडून विचारते, "काय भावोजी, न्हाणी भाड्याने दिलीत काय?"

तिला काय सांगू? पाणी तुझ्या मोगऱ्याला जायला हवं.

गेल्या मे महिन्यात इस्पितळात जाताना तू एवढंच बजावलं होतंस. मी मात्र आत आरामात न्हात राहिलो आणि मोगरा वाळून काटकी झाला. तू विचारलंस, तेव्हा बाजारातून गजरा आणून बेधडक "घरचाच" म्हणालो. तू वास घेतलास, गजरा उशाशी ठेवलास आणि म्हणालीस, "मनालच्या अब्बा, बाजारातला मोगराही काही वाईट नसतो हो."

त्यानंतर तू आठवडाभर होतीस. खरं बोलायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी डॉक्टरांच्या चहाला नावं ठेवत बसलो.

मुळं जिवंत होती. आज पाच फुलं आली. कब्रस्तानात जाऊन तुझ्या उशाशी ठेवून आलो.

घरचीच आहेत. वास घेऊन बघ.

उघड्यावर न्हाणारा,
यासीन