डब्याच्या मागून ऐकलेलं गाणं

नागपूर,
रविवार दुपार (कुलरमध्ये पाणी भरून झाल्यावर)

तीर्थरूप बाबाराव भाऊजी यांना रुपरावचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. भावनाचा गुडघा ठीक नाही, पण तो बारा वर्षांपासून ठीक नाही, तेव्हा ती काही बातमी नव्हे. तुमचं बीपी कसं आहे? पियुष आणि सूनबाई तुमच्या गोळ्यांकडे लक्ष देतात ना? (देत असतीलच. पण पुण्याच्या भाजीवर तर्री दिसत नाही असं तुम्ही दिवाळीत फोनवर म्हणालात, तेव्हापासून भावनाला तुमची काळजी लागली आहे. तिनं मसाल्याची एक मोठी पुडी बांधून ठेवली आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितो.) ताईला जाऊन येत्या पावसाळ्यात दोन वर्षं होतील. तुम्हाला पुण्याला जाऊनही तेवढीच होतील. इथे गल्लीत तुमच्या दाराला कुलूप आहे. येताजाता ते हलवून पाहायची मला सवय लागली आहे.

खिशात फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. चौतीस वर्षं टपाल खात्यात काढली, हे एक कारण आहेच. पण खरं कारण वेगळं आहे. मागच्या महिन्यात मी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर चार मिनिटांचं एक रेकॉर्डिंग पाठवलं होतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर पाठवलंत, "काही आयकू नाही आलं गा. नुसतं कोणी टेबलावर बोटं आपटून राहिलं." भाऊजी, तो मी होतो, आणि ते टेबल नव्हतं. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून बेस गिटारचा आवाज बाहेर निघतच नाही, तारेवर पडणारी बोटं तेवढी ऐकू येतात. भावना म्हणाली, बरं झालं, निदान पुण्यात तरी शांतता आहे.

तर होय, मी पुन्हा बेस घेतला. एकोणीस वर्षांनी. निवृत्तीनंतर माणसानं सकाळी फिरायला जावं, विहारात जावं, नातवंडं खेळवावी. मी सकाळी उठून चष्मा लावतो आणि लोक आपल्या घरातल्या नको झालेल्या वस्तू फोनवर विकायला टाकतात, त्या बघत बसतो. तिथे प्रत्येक वस्तू "फक्त घरी वापरलेली" आणि "एकदम कडक" असते, आणि विकण्याचं कारण नेहमी एकच, जागा कमी पडते. (एकाच्या फोटोत वस्तूच्या मागे अख्खं मैदान दिसत होतं.)

पहिला बेस पाहायला मी सीताबर्डीला गेलो. विकणाऱ्याचं नाव विक्की. त्यानं मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली बोलावलं. फोटो जरा अंधारातला होता, पण चार तारा मी नीट मोजल्या होत्या. विक्कीनं झिप उघडली, तर आत साधी गिटार. वरच्या टोकाला खुंट्या सहा, तारा चार. मी म्हटलं, बापू, ही तर साधी गिटार आहे, याच्या दोन तारा कुठं गेल्या? तो म्हणाला, "काढल्या नं काका. बेसले चारच लागतात." मी त्याला समजावून सांगितलं की बेसची मान लांब असते, तारा जाड असतात, आवाज खालचा असतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग खाली बसून वाजवा नं." मला हसू आवरेना. रागही आला नाही. आपल्या नवप्रकाश गायन पार्टीत मी चौदा वर्षं तुमच्या मागे उभा राहून वाजवलं, तेव्हाही निम्म्या लोकांना वाटायचं की मी तिथे गिटार शिकायला ठेवलेला माणूस आहे.

मग स्पीकर. पार्डीकडे एका गृहस्थाकडे मोठा डबा होता, दोन माणसांनी उचलायचा. मी तो एकट्यानं हलवून पाहिला, छान जड लागला. जड डबा म्हणजे आत चुंबक मोठं, ही आपली जुनी परीक्षा. लावून वाजवला तर आतून कोणीतरी खोकल्यासारखा आवाज. मागची फळी उघडायला लावली. आत विजेरीएवढा स्पीकर, आणि त्याच्या शेजारी फडक्यात गुंडाळलेल्या दोन विटा. त्या गृहस्थांनी विटांकडे पाहून जे आश्चर्य दाखवलं, तसा अभिनय आपल्या नाटक मंडळातही मी कधी पाहिला नाही. म्हणाले, "कंपनीतूनच आल्या असतील."

खरा बेस मिळाला तो बेसा भागात, सातव्या मजल्यावर. काजल नावाच्या मुलीनं दार उघडलं. नवरा नोकरीसाठी बंगळुरूला, बेस त्याचा, आणि घरात तीन महिन्यांचं बाळ. ती बोटानं गप्प राहायची खूण करत म्हणाली, "काका, आत्ताच झोपलंय. तुम्ही वाजवून पाहा, पण आवाज नका करू." भाऊजी, आयुष्यात मला अनेकांनी आवाज कमी करायला सांगितलं आहे (तुम्ही धरून), पण आवाज न करता वाजवून पाहा असं कोणी म्हटलं नव्हतं. मी बटण अगदी किंचित वळवलं, एक तळहात त्यांच्याकडच्या छोट्या स्पीकरच्या डब्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं जाड तार सोडली. कानाला काही नाही. पण हाताला कळलं. मांजर गुरगुरताना तिच्या पाठीवर हात ठेवला की जसं कळतं, तसं. मी तिथल्या तिथे घेऊन टाकला. घासाघीस करायची तर बोलावं लागलं असतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कुठेही गेलो तरी तपासायला मी एकच गाणं वाजवतो. दुसरं काही माझ्या बोटांना सुचतच नाही. "दिवा लाव गं सुभद्रे, लेकरू वाचून राहिलं." तुम्ही ते लिहिलंत तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुभद्रा म्हणजे वस्तीतली कोणतीही आई. ती समोरच्या रांगेत मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बसलेली माझी ताई आहे, हे आपल्या तिघांनाच ठाऊक होतं. मी सुरुवातीची चाल वाजवतो, मग मुखड्याशी सवयीनं थांबतो, कारण तिथे तुम्ही श्वास घेता. तुमचा श्वास होईपर्यंत थांबतो आणि पुढे जातो. विकणारी माणसं माझ्याकडे बघत राहतात. एकानं तर विचारलं, "काका, गाणं सुरू कधी होणार?" मी म्हटलं, झालं की संपून.

बेस आला, पण त्याला साजेसा डबा नव्हता. तो सापडला कन्हानला. विकायला टाकणाऱ्याचं नाव अमोल, खाणीत कामाला. फोटोत डब्याच्या कडेला अर्धवट पुसलेली अक्षरं दिसली, "धोंडबा साउंड". भाऊजी, तुम्हाला धोंडबा आठवतो? कन्हान-कामठीकडचे आपले सगळे कार्यक्रम त्याच्याच डब्यांवर झाले. मी बेस पाठीला लावून बस पकडली. धोंडबा जाऊन चार वर्षं झाली, असं अमोलनं दारातच सांगितलं. ओसरीवर अमोलची आई, म्हणजे धोंडबाची बायको कांताबाई, सुपात तांदूळ निवडत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

डबा बाहेर काढला, वायर लावली, आणि मी आपलं ते एकच गाणं सुरू केलं. मुखड्याशी थांबलो. पुढे जाणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "हे दिव्याचं गाणं आहे नं?"

भाऊजी, नुसत्या बेसवरून गाणं ओळखणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. (राग मानू नका, पण ज्यानं लिहिलं त्यालाही ते टेबलावरची बोटं वाटलं.) मी विचारलं, तुम्ही कसं ओळखलं? तर कांताबाई म्हणाल्या, "मले हे असंच माहीत आहे." धोंडबा डबे लावायचा आणि कांताबाई डब्यांच्या मागे वायरींवर लक्ष ठेवून बसायच्या, पोरं ओढतात म्हणून. सगळे कार्यक्रम त्यांनी मागून ऐकले. गाणाऱ्याचा आवाज समोर जायचा, मागे उरायची ती माझी धमधम. "समोर कोण गाते, कसं गाते, मले कधी धड समजलंच नाही. कार्यक्रम झाला की सतरंज्या गोळा करा, डबे भरा. एकडाव तरी समोर बसून आयकायचं होतं, रायून गेलं."

मग त्या माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "पण तुमीच का ते? एका पौर्णिमेले तुमचा आवाज गेला होता. मी आमच्या मालकायले म्हटलं, अवो, वायर पाहा, एक डबा मुका झाला. हे म्हणे, सारं चालू आहे. मी म्हटलं, नाही चालू. सारा कार्यक्रम हे मंचाखाली रांगून राहिले. घरी आल्यावर मले म्हणे, तुले भास होते. मरेपर्यंत तेच म्हणत होते. काय झालं होतं जी बाप्पा त्या दिवशी?"

जे मी एकोणीस वर्षं तुम्हाला सांगितलं नाही, ते मी त्या ओसरीवर कांताबाईंना सांगितलं. आता तुम्हालाही सांगतो. त्या दिवशी कन्हानला येताना टेम्पोत तुम्ही म्हणालात, "रुपराव, तुहा बेस माह्या आवाजावर येऊन बसते." तुम्ही ताईचे यजमान, मी काय बोलणार? मंचावर गेलो आणि माझं बटण शून्यावर नेलं. तीन तास मी मुका बेस वाजवला. घाम आला, बोटं सुजली, मान हलवली, सगळं केलं. मला वाटलं, दुसऱ्या गाण्याला तरी तुम्ही वळून बघाल. कार्यक्रम झाल्यावर तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, "आज कसं मोकळं मोकळं गायलो!" लोकांना फरक पडला नाही. ताईलासुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात मी बेस विकला आणि बोटं दुखतात असं सगळ्यांना सांगितलं. ताईनं वर्षभर मला बोटांना लावायला तेल पाठवलं, ते मी गुमान लावलं.

आणि इतकी वर्षं समजत होतो की कोणाला कळलं नाही. मंचाच्या मागे एका बाईला कळलं होतं. ती तिच्या माणसाशी भांडली होती.

ऐकून कांताबाईंनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मी बरोबर होती." आणि अमोलला हाक मारून म्हणाल्या, "डबा विकायचा नाही." अमोल बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, बाई, मी एवढा बसनं आलो. तर म्हणाल्या, "गाणाऱ्याले घेऊन या अन् डबा घेऊन जा. या खेपेले मी समोर बसीन."

मी त्यांना समजावलं की ताई गेल्यापासून भाऊजी गात नाहीत. ज्या गाण्यातली सुभद्रा म्हणजे ताई, ते तिच्याशिवाय कसं गाणार, हे मला कळतं. मी बेस उचलला आणि परत आलो. तेव्हापासून कुलरच्या समोर बसून वाजवतो. (कुलरची घरघर दुसऱ्या तारेशी बरोबर जुळते. तेवढीच सोबत.) मुखड्याशी थांबतो, तुमचा श्वास होऊ देतो, पुढे जातो. तक्रार काही नाही. एवढं तुमच्या कानावर घालावं म्हणून लिहिलं. मी तुम्हाला मुळीच आग्रह करणार नाही. तब्येतीला जपा, उन्हात फिरू नका, पियुष आणि सूनबाईंना आशीर्वाद.

तुमचा,
रुपराव

ता. क. आग्रह नाही हे वर लिहिलंच आहे. मात्र कन्हानच्या विहारासमोर बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम ठरला आहे आणि अमोलनं फलक छापायला टाकला आहे. त्यावर तुमचं नाव माझ्या नावापेक्षा बरंच मोठं आहे. मी त्याला अडवलं होतं, पण जरा उशिरा अडवलं.

पुन्हा ता. क. मसाल्याची पुडी पोस्टानं पाठवता येत नाही. वाटेत फुटते. (चौतीस वर्षांचा अनुभव आहे.) इथे येऊनच न्यावी लागेल.

आणखी एक. खालच्या चार ओळी भावनाच्या आहेत, तिनं पेन हिसकावून घेतलं: "दादा, जयभीम. हे रोज दुपारी वाजवतात आणि मधेच थांबतात. मी भाकरी थापता थापता हात थांबवून बसते, पुढचं कोणी गाईल म्हणून. तव्यावरची भाकरी करपते. काहीतरी करा."

शेवटचं. कांताबाई समोर बसणार, तर डब्यांच्या मागे वायरींपाशी बसायला भावना तयार झाली आहे, गुडघा असूनही. समोरच्या रांगेतली ताईची जागा कांताबाईंना द्यावी असं माझ्या मनात आहे. तुमची हरकत असेल तर कळवा, ती मोकळी ठेवू. बेसचं बटण कुठे ठेवायचं ते तुम्ही सांगाल तिथे ठेवीन. टेम्पोत सांगा, मंचावर सांगा, गाता गाता मागे वळून खुणेनं सांगा. फक्त एकदा मागे वळा.